खालांचा काटा

भाड्यानं खोली मागायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, नवरा काय करतो तेही विचारलं नाही. अंगणातल्या लिंबाकडं बोट दाखवून म्हणाल्या, "जा, बैस तिथं."

लिंबाच्या आडव्या फांदीला धान्याच्या अडतीत असतो तसला मोठा काटा टांगलेला होता. वर लोखंडी दांडी, दोन्ही टोकांना साखळ्या आणि साखळ्यांना लाकडी पारडी. मी एका पारड्यात बसले. दुसऱ्यात त्या वजनं टाकत गेल्या. माझी ट्रंक घेऊन आलेला टांगेवाला फाटकात उभा राहून हसत होता. मला वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, दुसरीकडं खोली बघावी.

"भाडेकरू मी तोलून घेते," त्या म्हणाल्या. "जाताना कमी भरलीस तर लोक म्हणतील, खालाच्या घरात राहून पोरगी वाळली. ती बदनामी मला नक्को."

मी तामलवाडीची. शाळा चौथीपर्यंत. नवरा पलटणीत होता, सासू गावात होती, आणि सासूचं नि माझं एका चुलीवर जमेना. परंड्याच्या बालवाडीत मुलांना पावडरीचं दूध करून द्यायचं काम मिळालं म्हणून आले होते. माझ्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

खाला म्हणजे मावशी. सगळं गाव त्यांना खालाच म्हणायचं, हिंदूसुद्धा आणि त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. अंगानं त्या दांडग्या होत्या. टांग्यात मागं बसल्या की टांगेवाला घोड्याच्या शेपटीपर्यंत पुढं सरकायचा, नाहीतर घोडं उचललं जायचं. तोंडात कायम तंबाखू. पातळ घोट्याच्या वर. आणि कमरेला किल्ल्यांच्या जागी शेराचं एक जुनं वजन दोरीनं बांधलेलं. किलो येऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या म्हणायच्या, "सरकार बदलतं, शेर बदलत न्हाय."

निजामाच्या राज्यात त्यांच्या मालकांची पेठेत अडत होती. मालक गेल्यावर अडत गेली, काटा राहिला. लोक मेलेल्या नवऱ्याबद्दल चांगलं बोलतात. खाला तसल्या नव्हत्या. "आमचे मालक काटा मारण्यात जिल्ह्यात एक नंबर," असं त्या भरल्या अंगणात सांगायच्या. "पारड्याखाली चिंच कशी चिकटवायची, दांडीला बोट कसं लावायचं, सगळं त्यांनीच शिकवलं मला. ते गेल्यावर मी काटा तेवढा सरळ केला."

आणि मग तो सरळ काटा घेऊन त्या गावाच्या मागं लागल्या. गल्लीतल्या कुठल्याही बाईनं पेठेतून काही आणलं की ते आधी खालांच्या पारड्यात पडायचं. गूळ कमी भरला की खाला तो घेऊन तडक दुकानात. दुधात पाणी आहे का बघायला त्यांनी गवळ्याची म्हैस तोलायचा विचार केला होता, पण म्हैस अंगणात आली नाही. मांजर तोलायच्या, बाळंतिणीची पोरं तोलायच्या. उन्हाळ्यात एकदा कुर्डुवाडीहून मोटारीतून आलेला बर्फ तोलायला बसल्या. तो वितळून पारडं वर जायला लागलं तशा बर्फवाल्याला म्हणाल्या, "तुझा माल माझ्या डोळ्यांदेखत चोरी व्हायलाय रे!"

बोलणं पटलं नाही की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं. "पारड्यात घाल, मग बघू."

आता मुद्द्याचं.

गावात महिला मंडळ होतं. बालवाडी मंडळाचीच, म्हणजे माझी भाकरी मंडळाच्या हातात. मंडळाच्या अध्यक्षा वकीलीणबाई होत्या. बाई वाईट नव्हत्या. सडपातळ, गोऱ्या, बोलण्यात गोड. चीनशी लढाई झाली त्या साली मंडळाची निवडणूक होती, आणि त्यांच्या विरोधात खाला उभ्या होत्या. वकीलीणबाईंनी जवानांसाठी स्वेटर विणायचं ठरवलं. परंड्यातल्या बायकांनी कधी बर्फ बघितला नव्हता, सुया धरल्या नव्हत्या. एका स्वेटरच्या बाह्या खालांनी वेगवेगळ्या तोलल्या आणि विचारलं, "जवानाचा एक हात जाड असतोय का?" सगळ्या हसल्या, पण मतं वकीलीणबाईंना दिली. तेव्हा मी परंड्यात नव्हते, हे मागून ऐकलेलं. खालांना त्यांचं स्वतःचं आणि आणखी एक अशी दोनच मतं पडली. ते दुसरं मत कुणाचं, हे शोधण्यात त्यांनी वर्ष घालवलं. सापडलं नाही. त्यामुळं त्या गल्लीतल्या प्रत्येक बाईशी नीट वागायला लागल्या, न जाणो हीच असेल.

हरल्या त्याचं कारण त्यांनी मला सांगितलं होतं. दुपारी आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो.

"चूक माझी," म्हणाल्या. "लढाई पेटलेली, आणि मी उभी राहून तेलाच्या भावाचं बोलले. कोण ऐकतंय? त्या वक्ताला घरात जवारी होती. तवा तापलेला असला की बाईला देश आठवतो. तवा गार पडला की तवाच आठवतो."

"म्हणजे देश खोटा?" मी चिडले. माझा माणूस पलटणीत होता.

"खोटा कसा? ते पारडं पण खरं आणि हे पारडं पण खरं. खाली कुठलं जातंय ते त्या दिवशीच्या पोटावर हाय, पोरी."

चीनच्या लढाईनंतर तीन वर्षांनी पाकिस्तानशी लढाई झाली. माझा नवरा सरहद्दीवर गेला. लढाई थांबली तरी पलटणी परत आल्या नव्हत्या, आणि इकडं पाऊस दडी मारून बसला होता. खरीप गेलं. जवारीचा भाव असा चढला की बायका दुकानासमोरून जाताना तोंड फिरवायच्या. पुढं तर भावही उरला नाही. पेठेतल्या मोठ्या शेटनं दुकानाच्या दाराला पाटी लावली, 'माल नाही'. रेशनवर मिलो म्हणून अमेरिकेची तांबडी जवारी यायची, तिची भाकरी थापताना फुटायची आणि खाल्ली की पोटात दगड. सोमवारी रात्री जेवू नका, असं सरकारनं सांगितलं होतं. आमच्या गल्लीत बाकीच्या वारांनाही सोमवारच होता.

खाला मला महिन्यातून एकदा काट्यावर बसवायच्या. प्रत्येक वेळी एक वजन उचलून बाजूला ठेवायच्या. म्हणजे मी तेवढी वाळलेली.

त्याच दिवसांत मंडळाची निवडणूक आली. या वेळी नुसतं खुर्चीवर बसायचं नव्हतं. मंडळाला सरकारी भावानं धान्य विकायचं दुकान मिळणार होतं, आणि दुकान कुणाच्या जागेत, माल कुणाच्या काट्यावर, हे अध्यक्षा ठरवणार होती. वकीलीणबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं की दुकान शेटच्या वखारीत निघेल. शेट त्यांचे थोरले दीर. म्हणजे ज्याच्या दारावर 'माल नाही' लिहिलं होतं, त्याच्याच हातात आमची जवारी जाणार होती.

खालांनी पुन्हा अर्ज भरला.

वकीलीणबाईंनी शाळेच्या पटांगणात सभा घेतली. चिन्ह म्हणून त्यांनी बंदूक घेतली होती. खालांनी काटा. बालवाडीच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की स्टेजवर बसायचंय, जवानाची बायको म्हणून. बसले. नाही म्हणायची सोय नव्हती. वकीलीणबाईंनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. भाषण चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. देश, सीमा, कुंकू, त्याग. माझ्याही डोळ्यात पाणी आलं. पोट रिकामं असलं की ते लवकर येतं.

मग शेट उठले. लोकरीचा कोट, हातात छडी. म्हणाले, "जी बाई अध्यक्षा होईल तिची मी जवारीनं तुला करीन. तिच्या भारोभार जवारी जवानांच्या नावानं मंडळाला देईन!"

टाळ्यांचा कडकडाट. शेटनं वकीलीणबाईंकडं बघून मान डोलावली. त्या सडपातळ, म्हणजे त्यांना फार काही पडणार नव्हतं.

टाळ्या थांबता थांबता सगळ्यात मागून आवाज आला. खाला भिंतीला टेकून तंबाखू मळत बसल्या होत्या.

"शेट, जवारी कुठली आणणार?"

"म्हणजे?"

"तुमच्या दारावर पाटी हाय. माल न्हाय म्हणून."

शेटनं घसा खाकरला. "मागवीन की बाहेरून. देशाच्या कामाला कमी पडत नाही."

"मागवता येती व्हय?" खाला उठून उभ्या राहिल्या. त्यांना उठायला वेळ लागायचा आणि तेवढ्या वेळात सगळ्या माना वळल्या. "मग आमी कुणाची वाट बघायलाव? तुलेला जवारी हाय आणि चुलीला न्हाय?"

कुणी हसलं नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मी स्टेजवरून बघत होते, एकीचं डोकं दुसरीकडं, दुसरीचं तिसरीकडं. पिकातून वारा जावा तसं ते पटांगणभर गेलं.

वकीलीणबाईंच्या बाजूची एक बाई उठली. तिनं ते बोलायचं आधीच ठरवलेलं असणार. "खालांनी आम्हाला शिकवू नये. त्यांची माणसं तिकडं हायत म्हणं. कराचीला."

लढाई नुकतीच थांबलेली. असं बोलणं त्या दिवसांत कुठवर जाईल ते सांगता येत नव्हतं. मी खालांकडं बघितलं. त्यांनी तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले.

"हायत की," म्हणाल्या. "दीर हाय. जाताना माझ्या वाटणीचा पितळी हंडा घेऊन गेला, मुडदा. आपली पलटण तिकडं जाणार असंल तर हिच्या नवऱ्याला कळवा," माझ्याकडं बोट, "माझा हंडा आधी आण म्हणावं."

पटांगण फुटलं. इतकं हसू मी त्या दुष्काळात ऐकलं नव्हतं. आरोप करणारी बाई पदर तोंडाला लावून खाली बसली, तीही हसतच होती. हसू ओसरायच्या आत खाला पुढं आल्या, स्टेजजवळ, आणि माझ्या हाराला हात लावला. आता त्यांच्या आवाजात हसू नव्हतं.

"हिचा माणूस सरहद्दीवर हाय. माझ्या घरात आली तवा किती भरली, मला ठावं हाय. आज किती भरती, ते पण ठावं हाय. तुम्ही हिच्या गळ्यात हार घातला, तेवढंच हिचं वजन वाढलं. जवान तिकडं गोळी खातोय आणि त्याची बायको हिकडं मिलो खाती. हे मी माझ्या काट्यावर बघितलंय. कुणाला खोटं वाटत असंल तर पारड्यात घाला."

वकीलीणबाई मला हळूच म्हणाल्या, "तू काहीतरी बोल गं. सांग, काही त्रास नाही म्हणून."

नोकरी त्यांच्या हातात होती. मी हार काढला, खुर्चीवर ठेवला आणि म्हणाले, "त्रास आहे." एवढंच. मला भाषण येत नाही.

घरी आल्यावर मी ट्रंक भरायला घेतली. नोकरी गेली असं धरूनच चालले होते. खाला दारात येऊन उभ्या राहिल्या. "कुठं निघाली?" म्हणाल्या. "कमी भरतीस अजून. सोडणार न्हाय."

मतदान शाळेतच झालं, सकाळी. बहुतेक बायकांना लिहिता येत नव्हतं, म्हणून पडद्यामागं दोन मडकी ठेवली होती. एकावर खडूनं बंदूक, एकावर काटा. प्रत्येक बाईला एक चिंचोका. आवडेल त्या मडक्यात टाकायचा. म्हाताऱ्या बायकांनी दोन्ही मडक्यांना हळदकुंकू वाहिलं, राग कुणाचाच नको. एक बाई आपला चिंचोका खाऊनच बाहेर आली, तिला दुसरा द्यावा लागला आणि त्यावरून बरंच भांडण झालं.

दुपारी मडकी बाहेर आणली. मोजायचं म्हटल्यावर गर्दीतून एक म्हातारी ओरडली, "मोजत काय बसता? काट्यावर ठेवा की!" बायकांनी ते उचलूनच धरलं. खालांच्या अंगणातला काटा शाळेच्या वडाला टांगला गेला. आम्हाला कुणालाच यात काही चूक आहे असं वाटलं नाही. सगळं आयुष्य आम्ही तोलूनच घेतलेलं. दोन पारड्यांत दोन मडकी ठेवली आणि खालांचं पारडं धाडकन खाली गेलं. बायकांनी एकच कल्ला केला.

"थांबा!" खाला ओरडल्या. "मडकं माझं जाड हाय. त्याचं वजन कुणी वजा केलं? काढा. ओता. मोजा."

वकीलीणबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. जिंकलेली बाई स्वतःचं पारडं रिकामं करायला लावते, हे त्यांनी कधी बघितलं नसेल. चिंचोके चटईवर ओतले. किती भरले ते आता मला आठवत नाही. एक ढीग होता आणि एक मूठ होती. मूठ बंदुकीची होती.

खाला ढिगाकडं बघत म्हणाल्या, "आता मागच्या वेळचं ते दुसरं मत कुणाचं, ते कसं कळायचं?"

मग आम्ही काटा बैलगाडीत घातला आणि पेठेत निघालो. रॉकेलचे रिकामे डबे बडवत. तहसीलदार साहेबांना शेटनंच तुलेच्या समारंभाला बोलावून ठेवलं होतं, ते टोपी घालून दुकानासमोर बसलेले. शेटचा चेहरा मिलोच्या पिठासारखा झाला होता. पण जवानांच्या नावानं, भर सभेत बोललेलं. मागं कसं फिरणार?

दुकानासमोरच्या पिंपळाला काटा टांगला. खाला पारड्यात बसल्या. फांदी करकरली. शेटनं हमालाला खूण केली, त्यानं अर्धं पोतं आणून समोरच्या पारड्यात ठेवलं. खाला हलल्या नाहीत. आणखी अर्धं आणलं. खाला तंबाखू मळत होत्या.

"पाय टेकलेत त्यांचे!" शेट ओरडले.

खालांनी दोन्ही पाय वर उचलले. बायकांनी डबे बडवले. शेट स्वतः खाली वाकले आणि पारड्याच्या बुडाला हात फिरवून चिंच शोधायला लागले.

"बघा, बघा!" खाला वरून खूश. "माझ्या मालकाचं नाव राखलं शेटनं!"

तिसऱ्यांदा हमाल आत गेला तेव्हा चार-पाच बायका त्याच्यामागं आत शिरल्या. गोणपाटाचा पडदा होता, तो त्यांनी ओढला. मीही होते. आत छपरापर्यंत पोती होती. जुनी, शिवलेली, धूळ बसलेली. बाहेरून मागवलेली नव्हती. ती तिथंच होती, आम्ही दारावरून तोंड फिरवून जात होतो तेव्हाही.

एका बाईनं तहसीलदार साहेबांना हाताला धरून आत आणलं आणि दाखवलं. साहेबांनी एका पोत्यावरची धूळ बोटानं पुसून बघितली. मग शेटला म्हणाले, "ही आजच सरकारी भावानं विकायची. मी इथं बसतो." आणि खुर्ची आत घेऊन बसले.

दारावरची पाटी तशीच होती. मला चौथीपर्यंत शिकवलं त्याचा एवढाच उपयोग झाला असेल, पण झाला. मी पदराचं टोक ओलं केलं आणि 'नाही' पुसून टाकलं. 'माल' राहू दिला.

तुलेची जवारी जवानांच्या नावाची. खालांनी पारड्यातून उतरल्या उतरल्या पहिला शेर माझ्या पदरात घातला, कमरेचं वजन सोडून, तोलून. "बाकीच्यांचं काय?" कुणीतरी विचारलं. "ज्या घरात सोमवार पाळला ते घर जवानाचं," खाला म्हणाल्या, आणि पुढची ओंजळ वकीलीणबाईंना दिली, कारण त्यांनी खरोखर पाळला होता. बाईंनी ती पदरात घेतली. माझी नोकरी त्यांनी काढली नाही, नव्या अध्यक्षेनंही नाही.

मंडळाचं दुकान लिंबाखाली निघालं. परंड्यात पुढं बरीच वर्षं कुणी काटा मारला नाही. धाडस नव्हतं.

हल्ली टीव्हीवर अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक लागते. कोट घातलेली माणसं मोठमोठ्या नकाशांसमोर उभी राहून सांगतात की लोकांनी लढाई बघून मत दिलं, की अंड्याचा भाव बघून दिलं. रात्रभर भांडतात. मी थोडा वेळ बघते आणि बंद करते. माझ्या डोळ्यांसमोर पटांगणातल्या वळलेल्या माना असतात. त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

निवडणुकीनंतरच्या फाल्गुनात माझा नवरा सुटीवर आला, त्याची बदली झाली होती, मला न्यायला आला होता. ट्रंक बांधली. टांगा फाटकात उभा. खालांनी लिंबाकडं बोट दाखवलं.

मी बसले. समोर माझी जुनी वजनं होती, पहिल्या दिवशीची, सगळी. नवरा हसत होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. पारडं क्षणभर तरंगलं आणि मग माझ्या बाजूनं खाली जमिनीला टेकलं.

खाला रस्त्यावर गेल्या, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडल्या, "जास्त भरली गे! घेतली त्याच्याहून जास्त भरली!"